नळीतली वाकडी रेघ

मंगळवार, १४ तारीख

प्रिय छबू,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे असतीलच. फोन सोडून ताई पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. अगं, फोनवर तू मला पुरतं बोलू देतेस कुठे?

माझं जुने नकाशे कॅमेऱ्यात टिपायचं काम अजून चालूच आहे. कॅमेरा उंच स्टँडवर, तोंड खाली करून बसवलेला. त्यात डोकवायचं तर स्टुलावर चढून मान मोडून घ्यायची. म्हणून डोळा लावायच्या जागी एक काटकोनी नळी बसवतात. मग खुर्चीत बसून समोर बघायचं, खालचा नकाशा नळीत दिसतो. तू बघितलंस तर म्हणशील, ताई, पाणबुडी चालवतेस की काय!

त्याच नळीनं महिनाभर माझा जीव खाल्लाय. नकाशातल्या सरळ रेघा मधेच वाकड्या दिसायला लागल्या. नळीवर नजर जुळवायची फिरकी असते, ती फिरवून फिरवून बोटं दुखली. भिंग पुसलं, स्टँड ठोकून बघितला. शेवटी रेघ सरळ दिसेपर्यंत नकाशाच सरकवायला लागले. साहेबांनी फोटो बघितले आणि म्हणाले, "बाई, सगळे नकाशे कलंडलेत. भूकंप झाला का?" मी तणतणत नळी उचलली आणि दुरुस्तीवाल्या आजोबांकडे गेले.

त्यांनी ती आपल्या कॅमेऱ्याला लावून पाहिली. "नळी ठणठणीत आहे," म्हणाले. "जरा दुसरा डोळा लावा बघू."

डावा लावला. समोरच्या कपाटाची कड सुतासारखी सरळ. उजवा लावला, तर मधोमध वाकलेली. पुन्हा डावा, पुन्हा उजवा लावला गं, तरी तेच. आजोबांनी खुर्ची पुढे केली.

आईचंही असंच सुरू झालं होतं. जिन्याचा कठडा वाकलाय म्हणून तिनं सुताराला बोलावलं, तो बिचारा मापं घेऊन घेऊन दमला आणि आपण पोट धरधरून हसलो. पुढे तिला आपले चेहरेच दिसेनासे झाले. हात चाचपून विचारायची, "कोणती गं तू?"

छबू, मला भीती वाटते. फार भीती वाटते. सकाळी उठल्याउठल्या एक डोळा झाकून खिडकीचे गज बघते, मग दुसरा झाकून. डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारातून दोनदा परत आले. डॉक्टरांनी सांगितलं नाही तोवर काही झालेलं नाही, असला वेडेपणा.

आज मात्र आत जाऊन वेळ घेऊन आले. तुझ्यामुळे. परवा तू फोनवर सहज म्हणालीस, शिलाई मशीन बिघडलंय, कितीही सरळ धरलं तरी टीप वाकडी दिसते, कारागिराला काही सापडत नाही, आता नवीनच घेते. मी "घे" म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

मशीन घेऊ नकोस. सोमवारी पहिल्या गाडीनं ये. वेळ दोघींच्या नावानं घेतलीय. आधी तुझे डोळे दाखवू, मग माझे.

वाट बघणारी, घाबरलेली,
तुझी ताई