मिठाच्या पाण्यातला करंट

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी तुमच्याशी भांडतेच आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

चामराजपेटेतलं आपलं स्वयंपाकघर. साठ सालानंतरची गोष्ट, मी अकरा वर्षांची. आई सहा महिन्यांची गरोदर आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली. बोलत नाही, जेवत नाही; भाताचा घास भरवला तरी तो तोंडात तसाच राहतो. शेजारच्या कानडी अक्का रोज सारू, म्हणजे त्यांची पातळ आमटी, आणतात, ‘स्वल्प घे गं, पोटातल्यासाठी तरी’ म्हणून विनवतात. डॉक्टर म्हणाले, विजेचे शॉक देऊ या. ‘वीज डोक्यालाच, क्षणभर. पोटाला नाही. धोका मुळीच नाही असं मी म्हणणार नाही, बाळावर लक्ष ठेवू. पण ही अशीच उपाशी राहिली तर दोघंही हातची जातील.’

तुम्ही कारखान्यात वायरमन. विजेतलं तुम्हाला कोण शिकवणार! घरी येऊन पातेल्यात मिठाचं पाणी घेतलंत, त्यात दोन तारा सोडल्यात, आणि जोडलेला दिवा लागला. मला म्हणालात, ‘बघितलंस? पाण्यातून जातोय करंट. बाळ पाण्यातच असतंय.’ आईनंही मान वळवून पाहिलं, ते तुम्हाला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना नाही सांगून आलात. जन्मभर तारा ओढलेला माणूस, चुकलात तेही तारांतच. तुम्ही भ्याला होतात, आणि आपल्या घरात पुरुषानं तसं म्हणायची सोय नव्हती.

आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. चौथ्या दिवशी आई.

पुढे मी नर्स झाले. गर्भार बायकांना शॉक देताना पाहिलं; दोन्ही तारा कपाळालाच, करंट तिथल्या तिथे, पोटाकडे जातच नाही. एक तर आईसारखीच, दगड झालेली. चौथ्या खेपेनंतर उठून बसली आणि मलाच विचारते कशी, ‘ऊट आयता, सिस्टर?’ जेवलीस का म्हणून! मूलही ठणठणीत झालं तिला. त्या दिवशी घरी आले तर तुम्ही व्हरांड्यात पेपर वाचत होता. इतका संताप आला, अण्णा! ताट वाढलं तुम्हाला, पण त्यानंतर वर्षभर धड बोलले नाही. तुम्ही कारणही विचारलं नाहीत. माहीत असणार.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार आहे मी? म्हणून तर लिहितेय. तुम्ही होता तोवर तोंड उघडायचा धीर झाला नाही.

तुम्ही डॉक्टरांकडे निघालात त्या सकाळी आईनं माझा हात धरला. किती दिवसांनी बोलली! ‘अण्णांना सांग, मला दवाखान्यात न्या म्हणावं. मी येते.’ मी दारापर्यंत धावले. तुम्ही सायकलवर टांग टाकत होता. ‘काय गं?’ म्हणालात. मला तो पातेल्याजवळ लागलेला दिवा आठवला.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘लवकर या.’