आप्पांच्या होडीला इंजिन

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.
निर्णय झाला. आप्पांच्या होडीला इंजिन बसवायचं.
आईचा फोन होता. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आप्पांची पहिली घागर आहे, ती जुन्या घराच्या उंबऱ्यावरच ठेवायची, आणि घागरीत पाणी लेकानंच ओतायचं, नाव घेऊन. जुनं घर धरणात आहे. मी सहावीत असताना गाव बुडालं, नवं गाव वर टेकाडावर बसलं. म्हणजे घराच्या बरोबर वर, पाण्यावर, होडीत बसून घागर सोडावी लागणार. हे आई बोलली नाही, पण दुसरा अर्थ निघत नाही. मी म्हणालो, इंजिनाचं मी बघतो. ती म्हणाली, इंजिन कशाला, तू ये म्हणजे झालं.
आप्पा श्रावणात गेले. वारा सुटला होता, होडी एकटीच काठाला लागली. इंजिन असतं तर.
हे वाक्य पुरं करायचं नाही, असा नियम केला आहे.
अखितीला जवळजवळ सहा महिने आहेत. ज्याने सातपूरच्या कंपनीत वीस वर्षं क्वालिटी सांभाळली, त्याला एक इंजिन निवडायला सहा महिने म्हणजे चैनच.

१७ नोव्हेंबर, रविवार.
मुंबईच्या डीलरला फोन केला. त्याने विचारलं, साहेब, समुद्र कोणता? मी म्हणालो, नाशिक. त्याने पुन्हा विचारलं, समुद्र कोणता?
टू-स्ट्रोक हलकं, स्वस्त, पण पाण्यात तेल सोडतं. त्या धरणाचं पाणी शहराला येतं. आमच्या नळालाही तेच. तेव्हा फोर-स्ट्रोक. पिण्याच्या पाण्यात तेल नको, एवढंच कारण. दुसरं कारण आहे का, हे प्रामाणिकपणे तपासलं. नाही.
(घरात श्रावणापासून जारचं पाणी पितो. नळाच्या पाण्यात क्षार वाढलेत. मोजले नाहीत, पण जिभेला कळतं.)

८ डिसेंबर, रविवार. सकाळी.
गच्चीवरच्या टाकीत आवाज येतो. पाणी आलं की सुरू. खुट्. मग थोडं थांबून, छप्. परत खुट्.
प्लंबर नवनाथला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, बॉल हलवून पाहिला, कान लावला. म्हणाला, साहेब, काहीच नाही, तुम्हीच ऐका. मी टाकीत वाकून ऐकायला नकार दिला. चपला ओल्या होत्या, घसरलो असतो.
पाइपात हवा अडकत असणार. बायकोला, तेजस्विनीला, ऐकू येत नाही. तिचे कान तपासून घ्यायला हवेत.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
किती हॉर्सपॉवर? दोनचं घेतलं तर वाऱ्यापुढे टिकेल का? श्रावणातला वारा धरून हिशेब केला. मग आठवलं, आपण वैशाखात जाणार आहोत. तरीही श्रावणातलाच वारा धरायचा. सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही.
आप्पा म्हणतात, इंजिनानं मासं पळत्यात.
म्हणायचे.
आईने जीपवाल्याबरोबर तिळाच्या वड्या पाठवल्या आणि फोनवर टोमणाही. म्हणाली, दसऱ्याला नाय, दिवाळीला नाय, आता काय तिळगूळ बी जीपनंच घ्यायचा का? मी ऑडिटचं सांगितलं. ऑडिट खरंच आहे. मार्चमध्ये आहे, पण आहे.

२ फेब्रुवारी, रविवार.
आज महत्त्वाचा टप्पा. इंजिनाचा दांडा आखूड की लांब, हे होडीच्या मागच्या फळीच्या उंचीवर ठरतं. प्रत्यक्ष जाऊन मोजणं सर्वोत्तम. पण मोजमाप कोणीही घेऊ शकतं, त्याला मीच कशाला? आईला सांगितलं. तिच्याकडे टेप नाही. ती म्हणाली, माझ्या दोन विती, वर दोन बोटं.
आईची वीत किती? इथेच गाडी अडली. माझी वीत तेवीस सेंटिमीटर. लहानपणी ताप आला की ती पाठीवर हात ठेवायची, तेव्हा तो सगळ्या पाठभर पुरायचा. पण तेव्हा पाठ लहान होती. हे माप धरता येत नाही.
शेवटी तेजस्विनीची वीत धरली. अडतीस अधिक बोटं. आखूड दांडा.
कंपनीत संतोषने विचारलं, कॅप्टन, जहाज कधी सुटतंय? अशा माणसांना प्रक्रियेबद्दल आदर नसतो.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.
आईचा फोन. पाणी लय उतराया लागलं, म्हणाली, औंदा कालव्याला दोनदा सोडलं. पारावरच्या पिंपळाचा बुंधा वर आलाय.
फार उपयुक्त माहिती. पाण्याखाली बुंधा म्हणजे पात्याला धोका. डीलरला विचारलं. पातं आपटलं तर मोडण्याऐवजी आतली पिनच तुटते, असं मॉडेल आहे म्हणाला. असंच हवं.
आईला म्हणालो, अजून काय काय दिसतं ते कळवत जा. ती म्हणाली, येऊन बघ की.

३० मार्च, रविवार. पाडवा.
मुहूर्ताला ऑर्डर दिली. पाच हॉर्सपॉवर, फोर-स्ट्रोक, आखूड दांडा, पिनवालं. मन शांत.
दुपारी आईचा फोन: आपल्या गोठ्याची भिंत दिसाय लागली.
दोन पिना जास्तीच्या मागवल्या.

१३ एप्रिल, रविवार.
इंजिन आलं. पुस्तिकेत लिहिलंय, पहिल्यांदा ड्रममध्ये पाणी भरून चालवावं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये निळा ड्रम ठेवला. पाइप नळाला लावायला गेलो आणि विचार बदलला. नव्या इंजिनात क्षार नकोत. जारवाल्याकडून दहा जार मागवले.
संतोष बघायला आला होता. म्हणाला, ललितभाऊ, इंजिनाला फिल्टरचं पाणी? उद्या त्याला लिंबूसरबत देशील.
इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मग ड्रममधलं पाणी उठलं आणि अध्यक्षांच्या गाडीवर गेलं. अध्यक्ष काय म्हणाले ते लिहीत नाही. आवाज मात्र दमदार होता. दुसरा कुठलाही आवाज त्यात ऐकू येणार नाही. हा गुण कुठल्याच पुस्तिकेत दिलेला नाही.
सोमवारी सकाळची भर: रात्री निवांत झोपलो. सकाळी पाणी आलं. खुट्. छप्.

२९ एप्रिल, मंगळवार.
उद्या अखिती. तयारी पूर्ण: इंजिन, पेट्रोल, पिना, पाने, दोन लाइफ जॅकेट, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या.
आईला सांगितलं, सकाळी काठावर येतो, तू जॅकेट घालायचं. ती म्हणाली, काय घालायचं? मग म्हणाली, तू येतोस ना पण नक्की? तिला इंजिनाविषयी काहीच विचारायचं नव्हतं.
मी स्वतःलाही विचारलं, खरंच जाणार का? उत्तर: हो. इंजिन नेणं भागच आहे. तेजस्विनी बरोबर येते म्हणाली. मी नको म्हटलं. जीपमध्ये जागा इंजिनाला लागेल.

३० एप्रिल, बुधवार. अखिती. संध्याकाळी.
घडलं तसं लिहितो.
जीपवाल्याने इंजिनाचं तिकीट घेतलं. म्हणाला, बसलंय ना ते? मग शीट झालं. सगळा रस्ता ते माझ्या शेजारी पोत्यात ताठ बसून होतं.
टेकाडावर उतरलो, खाली पाहिलं. पाणी नव्हतं.
म्हणजे होतं, फार लांब, मधोमध, एक चकाकती पट्टी. अलीकडे सगळा भेगाळलेला गाळ, आणि त्यात गाव. भिंती गुडघ्याएवढ्या, पण गल्ल्या जशाच्या तशा. पिंपळाचा काळा बुंधा. आमच्या घराचा चौथरा इथून ओळखू आला. आप्पांची होडी उतारावर कुशीला पडली होती. तिच्याजवळ कोणीतरी शेळी बांधली होती.
मी उभाच राहिलो. आई घागर घेऊन आली, तिच्यावर केळी, म्हणजे छोटं मडकं, वर खरबूज आणि आंबा. बरोबर काळूकाका, आप्पांचे जोडीदार, आयुष्यभर एका होडीत बसलेले. काकांनी पोत्यात डोकावून पाहिलं. म्हणाले, ह्ये रं काय? ह्येला काय गाळ उपसाया आणलं?
मी आईला विचारलं, तू सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, होळीपासून काय सांगतीय मग? बुंधा आला, भिंत आली. चालत जायचंय. चल.
मी म्हणालो, इंजिन सोडून कसं येऊ? नवीन आहे. पेट्रोल आहे. ऊन आहे.
काका म्हणाले, हितं कोण नेतंय त्येला? कोंबड्या?
मी म्हणालो, गॅरंटीचा प्रश्न आहे.
आईने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. डोक्यावर चुंबळ ठेवली, घागर चढवली आणि म्हणाली, बस मग सावलीला.
ते दोघं खाली गेले. मी इंजिनावर हात ठेवून बसलो. गल्लीतून जाताना आई वळणं घेत गेली. आता तिथं भिंती नव्हत्या, सरळ जाता आलं असतं. चौथऱ्यापाशी थांबली. डोक्यावरची घागर उतरवून कमरेवर घेतली आणि वाकली. आमच्या दाराची चौकट बुटकी होती, आप्पांना रोज लागायची. आता तिथे चौकट नाही. नुसतं आकाश. तरी वाकली, आणि मग आत पाय टाकला. मागून काळूकाकाही वाकले.
मग तिने वळून मला हात केला. ये.
मी इंजिनाकडे बोट दाखवलं.
तिने पुन्हा हात केला. मी पुन्हा बोट दाखवलं. इतक्या लांबून तिला काय दिसलं असेल कोणास ठाऊक. दोन माणसं बसलेली दिसली असतील.
परत आली तेव्हा पाय घोट्यापर्यंत गाळाने भरलेले. म्हणाली, नाव घ्यायला लेक लागतो. काळूनं घेतलं.
एवढंच. आवाजात काही नव्हतं. तांब्या पुढे केला. धरणातलंच पाणी, गाळून घेतलेलं. उन्हाने घसा सुकला होता. मी म्हणालो, माझ्याकडे बाटली आहे.
निघताना काका म्हणाले, पावसात पानी चढंल, तवा आण ह्येला.

१ मे, गुरुवार. सुट्टी.
काल जे झालं ते निवडीतली चूक नव्हती. इंजिन उत्तम आहे. चूक पाण्याची होती.
ते गॅलरीत उभं करून चादर घातली आहे. सकाळी तेजस्विनी दचकली. म्हणाली, अहो, कोण बसलंय तिथं?
नळाला पाणी आलं. खुट्. छप्. पाइप बदलून घ्यायचे ठरवत होतो, पण नवनाथला फोन केला नाही. आवाज थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो.
मग तांब्या भरला, गॅलरीतल्या तुळशीत पाणी ओतलं आणि आप्पांचं नाव घेतलं. निवृत्ती. चादरीकडे पाठ करून, हळू, पण घेतलं.
पाणी जारचं होतं.