मांजराचं सोवळं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

विधुराला मोकळेपणाने शिंकण्याचा हक्क घटनेत नाही. असता तर सकाळी माझ्यावर हा प्रसंग आला नसता. गॅलरीत उभा राहून शिंकत होतो — नाक गळतंय, डोळे लालबुंद — तर समोरच्या विमलाबाई आल्याचा चहा घेऊन दारात! "रडून घ्या हो, मन मोकळं होतं." म्हटलं, अहो, शिंका आहेत. "असू दे, असू दे," म्हणाल्या. म्हणजे शिंकांचंही सांत्वन! चहा गोडमिट्ट. दुःखी माणसाला साखर जास्त लागते, अशी अख्ख्या बिबवेवाडीची समजूत दिसते.

पूर्णिमा ऑगस्टमध्ये गेली. तेव्हापासून चारचौघांत एकदाही रडलो नाही. आणि आता ह्या नाकापायी सोसायटीत माझी ख्याती काय, तर 'बायकोवर जीव टाकणारा'! रविवारच्या पुरवणीत लोकांच्या टोप्या उडवून इतकी वर्षं कमावलेलं नाव एका रुमालात गेलं.

५ नोव्हेंबर

निदानं जमा होताहेत. लेक पूर्वा, हिंजवडीहून फोनवर — "बाबा, एअर क्वालिटी बघितलीस का? मी प्युरिफायर ऑर्डर करते." खालच्या मजल्यावरचे हिंमतराव — "गाजरगवत! दुसरं काही नाही, लिहून ठेवा." विमलाबाई — पित्त, आमसुलाचं पाणी घ्या. माझं स्वतःचं मत — रस्ते खणणारी महानगरपालिका. माझी सगळी मतं शेवटी तिथेच जाऊन पोचतात.

मुकादमाने मत दिलेलं नाही. तो उशीवर झोपलाय. मुकादम म्हणजे बोका. पूर्णिमाने आणला, नावही तिनेच ठेवलं — काम शून्य, नजर सगळ्यांवर. पूर्वी त्याला बेडरूमचं दार बंद असे. हल्ली उघडं असतं. पलंगाची ती बाजू रिकामी बघवत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

रविवारी ह्या वेळी पूर्णिमा गॅलरीत पाटावर बसून मुकादमाला ओल्या फडक्याने पुसायची. डोक्यापासून शेपटीपर्यंत. तो शिव्या दिल्यासारखा गुरगुरायचा, ती दुप्पट द्यायची. केरसुणी तिला चालायची नाही, सगळं घर ओल्या फडक्याने. उशांचे अभ्रे कढत पाण्यात. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो — आमच्याकडे कडक सोवळं आहे. देव नाहीत, बोका आहे! लोक हसायचे. तीही हसायची.

ऑगस्टमध्ये तिला उठवेना, तेव्हा म्हणालो होतो — पड तू, ह्या रविवारी मी पुसतो त्याला. "खरंच?" म्हणाली. चेहरा असा केला, जणू मी लग्नाची मागणी घातली.

तो रविवार हॉस्पिटलात गेला. पुढचा आलाच नाही.

११ नोव्हेंबर

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. चाचणीपर्यंत शिंकांच्या गोळ्या बंद. माणूस नव्हे, गळका नळ.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चाचणी झाली. हातावर थेंबांच्या रांगा आणि प्रत्येक थेंबावर सुईची टोचणी — धूळ, परागकण, बुरशी, झुरळ, कुत्रा, मांजर. मग टेबलावर हात पसरून बसायचं, ज्योतिषासमोर बसल्यासारखं. गाजरगवताला काही नाही. (हिंमतरावांना हे कुठल्या तोंडाने सांगू?) धुळीला किंचित लाली. आणि शेवटच्या थेंबाखाली ही एवढी गांध! खाज तर अशी की हात चावावासा वाटावा.

"मांजर," त्या म्हणाल्या.

म्हटलं, अशक्य. अकरा वर्षं घरात आहे.

"नुसत्या केसांचं नसतं हो ते. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिची पूड होऊन उडते. शिवाय कातडीचा कोंडा. गाद्या-पडद्यांत महिनोन्‌महिने राहतं. अकरा वर्षं त्रास नव्हता?"

नव्हता.

"मग मधे काय बदललं? कोणी पुसायचं का त्याला? फरशी ओली पुसणं, अभ्रे गरम पाण्यात, झोपायच्या खोलीत बंदी — असं काही?"

प्रत्येक प्रश्नाला मी मान डोलावत गेलो.

"कोणीतरी फार पद्धतशीर जपलंय तुम्हाला," त्या म्हणाल्या.

मला, म्हणाल्या. मांजराला नाही.

१९ नोव्हेंबर

पूर्वाला कळवलं. "सिंपल आहे, बाबा. माझी मैत्रीण वैष्णवी, तिच्या आईचं धायरीला घर आहे, अंगण आहे, त्यांना मांजरं आवडतात. रविवारी मी येते आणि त्याला घेऊन जाते."

म्हटलं, बघू.

"बघू नाही. आई गेली. आता तू मला धाप लागून दाखवू नकोस." आणि मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. तिला तर अ‍ॅलर्जी नाही.

हो म्हणालो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

राहवेना. विमलाबाईंकडे गेलो. विचारलं, पूर्णिमाला माहीत होतं?

त्यांनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली. "सांगू नका म्हणाली होती, म्हणून तर मी पित्त-पित्त करत होते. पण आता कोणासाठी लपवायचं?"

पिल्लू आणलं त्या महिन्यात मी शिंकत होतो म्हणे. मला आठवतही नाही. पूर्णिमा परस्पर डॉक्टरांना विचारून आली आणि सगळं सोवळं सुरू केलं.

"मी म्हटलं, अगं, सांग की त्यांना. तर म्हणे, सांगितलं तर मांजर घालवतील. घालवू दे, म्हटलं! तर म्हणते कशी — विमलाबाई, हे माझ्याशी तिरकं बोलतात, लेकीशी तिरकं बोलतात, जगाशी तर तिरकंच. त्या बोक्याशी तेवढं सरळ बोलतात. मी स्वयंपाकघरातून ऐकत असते. तेवढं मला हवंय."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं. विमलाबाई उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. ह्या वेळी मी 'शिंका आहेत' म्हणालो नाही.

२२ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंना फोन केला. बोका दिला तर उत्तम, म्हणाल्या. द्यायचाच नसेल तर गोळ्या घ्या, पूर्वी चाललं होतं ते सगळं पुन्हा चालू करा, आणि छातीत घरघर वाटली तर लगेच या.

अभ्रे कढत पाण्यात टाकले. बोटं भाजली. ती चिमट्याने उचलायची, हे नंतर आठवलं.

मुकादमाला बेडरूमबाहेर काढलंय. दारावर नखं मारतोय. मी आत, पलंगाच्या माझ्या बाजूला.

२३ नोव्हेंबर, रविवार

ऑगस्टमधला एक रविवार माझ्याकडे बाकी होता.

पाट घेतला. नाकाला रुमाल बांधला. फडकं पिळलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत. मनगटावर ओरखडा काढलाच त्याने. मी बोलत राहिलो त्याच्याशी — सरळ. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

पूर्वाचा फोन आला. "बाबा, निघू ना? टोपली घेतलीये."

म्हटलं, "टोपली राहू दे. तू ये. मुकादम ओला आहे, वाळायला वेळ लागेल."