डायरेक्टरची रांग

बाबा, इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला, आमच्या शेजारी सत्तरीच्या एक बाई राहतात. त्या सोव्हिएत युनियनमधल्या. तुमच्या कारखान्याने तुम्हाला वर्षभर ट्रेनिंगला पाठवलं होतं, तोच देश. तो आता नकाशावर नाही, पण बाईंच्या मनातून हलत नाही. काल कुंपणापाशी म्हणाल्या, "बोलायची भीती, दुकानं रिकामी, सगळं खरं. तरी दुपारी कँटीनमध्ये सगळ्याजणी मिळून जेवायचो, त्याची फार आठवण येते. इथे माझी मुलगी गाडीत जेवते."

तिकडून तुम्ही आणलंत काय, तर आईला एक शाल आणि घराला एक नियम: ज्याने त्याने आपलं ताट घासायचं. खुद्द डायरेक्टर कामगारांच्या रांगेत उभा राहतो, स्वतःचं ताट स्वतः नेऊन ठेवतो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. क्वार्टर्समधले काका मोरीत डोकावून हसायचे, तुम्ही घासत राहायचात. शाळेत असताना मला तुमचा अभिमान वाटायचा. कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली.

मग मी इकडे आलो. एका रविवारी सकाळी फोनवर तुम्ही सहज विचारलंत, "तुझ्या ऑफिसात मोठा साहेब कुठे जेवतो रे?" आमचा साहेब वरच्या मजल्यावर, दार लावून जेवायचा. मला ते झोंबलं. म्हणालो, "बाबा, माझ्या टीममध्ये तिकडचाच एकजण आहे. तो सांगतो, डायरेक्टरांचं खरं जेवण मागच्या खोलीत असायचं. रांग तुम्हा पाहुण्यांना दाखवायला."

तुम्ही म्हणालात, "असेल. आम्ही पाहुणेच. थंडी पडली का तिकडे?" मला जिंकल्यासारखं वाटलं. पुढे आई सांगायची, हल्ली हे रशियाचं नावच काढत नाहीत. दोन वर्षांत तुम्ही गेलात.

काल बाईंना विचारावंसं वाटलं, तुमचा डायरेक्टर कुठे जेवायचा? अगदी तोंडावर आलं होतं. पण त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मी सुटत नव्हतो, म्हणून हवापाण्याचं बोललो आणि घरात आलो. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तर लिहायला धीर झाला. माझ्या टीममध्ये तिकडचा कोणीच नव्हता, बाबा. ती मागची खोली मी फोनवर बोलता बोलता रचली.