गंजीफ्रॉक काही कुजेना

तीर्थस्वरूप वन्संना वाकून नमस्कार.

देवाच्या दयेने आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा. पत्राला उशीर झाला, कारण सूनबाईची नोकरी कायम होते की जाते, या घोरात माझं कशात म्हणून लक्ष नव्हतं.

ती प्रयोगशाळेत मातीतल्या बुरशीवर काम करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ही बुरशी म्हणे अंगातून रस सोडते, कापूस, कागद, पालापाचोळा जागच्या जागी पचवते आणि मग शोषून घेते. (आधी पचवायचं, मग खायचं! तुमच्या बंधूंना हे जमतं तर माझा निम्मा ओवा वाचला असता.) तिच्या मोठ्या बाईंनी अट घातली, की बुरशी कालवलेल्या मातीत सुती कापड पुरून कुजवून दाखव, तरच नोकरी कायम. ती नवं कापड आणायला निघाली, तर मी म्हटलं, कुजवायला नवं कशाला? तुमच्या बंधूंचा जुना गंजीफ्रॉक काढून दिला आणि आम्ही तो मागच्या कुंडीत पुरला. रोज पूजा झाली की मी कुंडीपाशी हात जोडत होते. (कापड लवकर सडू दे, असं मागणं देवानेही पहिल्यांदाच ऐकलं असेल.) शेवटी उकरलं, तर गंजीफ्रॉक जसाच्या तसा! उलट थोडा मऊ झालेला. तुमचे बंधू म्हणाले, "धुऊन टाक, घालतो." सूनबाई रडायलाच लागली, "आई, बुरशी मेली हो माझी!" मग काय मनात आलं कोण जाणे, तिने एक धागा पेटवून पाहिला. त्याची राख होईना, काळा मणी झाला. प्लॅस्टिक! आणि मी शंभर टक्के सुती म्हणून स्वस्तात डझनभर घेतलेले. "तरीच मला उन्हाळाभर घामोळं," तुमचे बंधू माझ्याकडे बघत म्हणाले.

मग मी कपाटातून अस्सल सुती चादर काढली, देवाचं नाव घेतलं, कात्री चालवली आणि तुकडे त्याच कुंडीत पुरले. काय सांगू वन्सं! बाई तपासायला आल्या, त्यांनी चिमट्याने उचलायला जावं, तो कापडाचा नुसता चिखल! बाईंनी टाळ्या वाजवल्या, नोकरी कायम झाली आणि सूनबाईने मला धरून गरकन फिरवलं. (या वयात! पण मजा आली.)

तुमची भावजय

ता. क. चादर तुमची होती. "जपून ठेव, येईन तेव्हा नेईन," असं बजावून गेला होतात. जपली वन्सं, अगदी कुजेपर्यंत जपली.

आणखी एक. काठांची शिवण तेवढी शाबूत राहिलीय. तुम्ही सुती दोऱ्याने शिवल्याचं सांगत होतात, बुरशीचं मत निराळं दिसतं. सूनबाईला आता मोठा प्रयोग करायचाय. जोडीची दुसरी चादर पाठवाल ना? काठ उसवूनच पाठवा.