वन्संना कळणारं बोलणं

११ सप्टेंबर

ती. वन्संना नमस्कार.

इकडे आम्ही ठीक आहोत असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ह्यांची साखर आता जरा आटोक्यात आहे. टाळूचं भोक झाकणारी प्लेट मात्र नीट बसत नाही. दूध नाकातून येतं, मग चिडतात.

तुम्ही गेल्यावर घर शांत झालं. मला ते हवंच होतं. त्या काळ्या बुरशीपायी ह्यांचा वरचा डावा जबडा काढला, तेव्हापासून सगळं बोलणं नाकातलं. मला एक अक्षर उमगायचं नाही, आणि तुम्ही कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगायचात, "अगं, पंखा कमी कर म्हणतोय." एकदा ते काहीतरी पुटपुटले आणि तुम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मी विचारलं तर म्हणालात, "काही नाही गं, लहानपणचं आहे." एकोणीस वर्षांचा संसार माझा, आणि मी दारात औषधं घेऊन उभी, परक्यासारखी. त्याच संध्याकाळी मी म्हणाले, "वन्सं, फार दमलात, आता घरी जा." ती काळजी नव्हती.

मागच्या सोमवारी ते गालाला हात लावून सारखं काही सांगत होते. लिहायला पाटी दिली तर ढकलून दिली. मी काय मुका आहे का, हा त्यांचा हट्ट. त्यातला एकच शब्द मला स्वच्छ कळला. ताई. मी न कळल्यासारखं केलं. तुमचा फोन आला तेव्हा मी "झोपलेत" म्हणाले. ते समोरच बसले होते, फोनसाठी हात पुढे करून.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच पाटी ओढली आणि लिहिलं, "गाल बधिर. डोळ्याखाली दुखतंय." तशीच त्यांना घेऊन हॉस्पिटलात धावले. बुरशी पुन्हा सायनसमध्ये पसरली होती. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?" मी म्हणाले, "ह्यांचं बोलणं कळलं नाही हो." ह्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक आहे, वन्सं.

काल ऑपरेशन झालं. डोळा वाचला.

तुम्ही या. मला हवं ते बोला, मी ऐकून घेईन. ते काय म्हणतात ते सांगा, जमलं तर मलाही समजायला शिकवा. तुम्ही दोघं हसलात तर मला आजही लागेल, ते नाकारून खोटं कशाला लिहू? तरी या.

मनातून जळणारी, आणि खरोखर वाट पाहणारी,
तुमची भावजय