माटवी कोण बांधणार?

॥ श्री ॥
कसाल, १८ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप दादास,
धाकट्या बहिणीचा कृ. सा. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम. तिकडचं क्षेम कळवावं. राग कळवायची गरज नाही, तो या पत्राच्या उलट टपाली येणारच आहे.

नागपंचमीला आपला चुलतभाऊ परशुराम दारात उभा राहिला. हातात तुमचं पत्र. यंदा तुम्हाला रजा नाही, म्हणून आपल्या अप्पांच्या घरचा गणपती त्याच्याकडे बसवायचा, असं तुम्ही ठरवलंत म्हणे. मूर्ती ज्यावर घडते तो आपला पाट मूर्तिशाळेत नेऊन द्यायला तो मागत होता. पाट घरात नाही, असं मी सांगितलं, आणि ते खरं होतं. सकाळीच छत्री एका हातात धरून पाट मी डोक्यावरून मूर्तिशाळेत पोचवला होता. मूर्तिकारांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि ठेवून घेतला.

दादा, गणपती एकदा दुसऱ्याच्या घरी बसला की मूळ घरी परत येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग आपल्या घराला कुलूप लागणार, कुलपाची किल्ली परशुरामाकडे जाणार, आणि मी गिरगावच्या तुमच्या दोन खोल्यांत ट्रंकेशेजारची दुसरी ट्रंक होणार. माझी शाळा इथे, माझी विहीर इथे. मी येणार नाही.

परशुरामाने जाता जाता विचारलं, माटवी कोण बांधतलो? गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट, तिला रानातली फळं-फुलं बांधायची ती घरच्या पुरुषांनी, हे मलाही माहीत आहे. पण पार्वतीने गणपती घडवला तेव्हा घरात पुरुष कोण होता? तिला कोणी विचारलं होतं का, माटवी कोण बांधणार म्हणून?

तयारीला लागले आहे. भिंती तांबड्या मातीने सारवल्या, खाली चुन्याचा पट्टा ओढला. मखरासाठी सिगरेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद भाईच्या दुकानातून जमवते आहे. भाईला वाटतं मास्तरीणबाई विडी-काडीला लागल्या.

आणि हो, यंदा आंब्याची साठं मुंबईला पाठवणार नाही. रायवळ आंब्यांचा रस ताटांत पसरून वैशाखभर उन्हात मी वाळवला, कावळे मी हाकलले. मुलांना खायची असतील तर एस. टी. कसालला थांबते.

लोभ कमी करू नये. करायचाच झाला तर परशुरामावरचा करावा.
आपली,
कावेरी

मुंबई, २६ ऑगस्ट १९६१

चि. कावेरीस अ. उ. आ.
तुझं पत्र म्हणावं की नोटीस, ते ठरवता आलं नाही. आंब्याच्या साठांवरून थोरल्या भावाला धमकी देणारी तू या जगात पहिलीच.

तू छत्तीस वर्षांची झालीस. एवढ्या घरात एकटी राहतेस, उद्या पाय घसरून पडलीस तर पाणी कोण देईल? पूजेला बसायला माणूस नाही, डोंगरावर चढून माटवीचं सामान आणायला माणूस नाही. मला रजा मिळत नाही. परशुराम घरात काजू ठेवील, कौलं शाकारून घेईल, घर निदान उभं तरी राहील. दिवाळीपर्यंत किल्ली देण्याचं मी त्याला कबूल केलं आहे. माझा शब्द खाली पडू देऊ नकोस.

पार्वतीचा दाखला देऊ नये. तिच्या घरी नंतर काय अनर्थ झाला तेही आठवावं.

प्रकृतीस जपावं. आशीर्वाद तू ऐकलंस तरी आहेत, न ऐकलंस तरी आहेत.
तुझा,
गुरुदास

मुंबई, २८ ऑगस्ट १९६१

प्रिय कावेरीवन्सं यांस,
सरलाचा सप्रेम नमस्कार. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकते आहे, घरात कोणाच्या हाती दिलं नाही.

तुमच्या भावाने रजेचा अर्जच केलेला नाही. गेल्या वर्षी तिकडून आल्यावर आठ दिवस धड जेवले नाहीत. अप्पा गेल्यापासून त्या ओटीवर पाऊल ठेवलं की त्यांना अप्पाच दिसतात, आणि ते कबूल करण्यापेक्षा घर परशुरामाला दिलेलं त्यांना सोपं वाटतं. मी एकदा बोलून पाहिलं तर वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते उलटं होतं, हे मी सांगितलं नाही.

सोबत माझ्या जुन्या शालूचे जरीचे काठ पाठवते, मखराला लावा. शालू विरला, पण काठ कोरे आहेत. माटवीला रानातलं काही कमी पडलं तर घाबरू नका. तुमच्या फडताळात एवढं वाळवून ठेवलेलं असतं, ते काय फळ नव्हे?

मुलं साठांसाठी रडतात. रडू द्या. तुम्ही पाठवू नका.
लोभ माझ्याकडून दुप्पट, त्यातला एक वाटा त्यांच्या नावचा समजावा.
आपली वहिनी,
सरला

कसाल, २२ सप्टेंबर १९६१

तीर्थरूप दादास,
कृ. सा. न. वि. वि. पाच दिवसांचा गणपती आपल्याच घरी बसला आणि आपल्याच घरून गेला. परशुरामाचं पत्र तुम्हाला आधी पोचलं असेल. आता माझं ऐका.

दरवर्षी डोंगरातून कवंडळांची लाल फळं, हरणाची फुलं आणणारे त्याचे मुलगे यंदा माझ्या दारावरून टोपल्या घेऊन गेले, आत वळले नाहीत. मग मीच कासोटा घालून डोंगरावरच्या सड्यावर गेले. हरणाची फुलं मिळाली, कवंडळं उंच वेलावर होती ती मिळाली नाहीत. परसातलं शहाळं, सुपारीच्या घडाचं शिपूट, दोडका, चिबूड बांधलं, तरी चौकटीत जागा उघड्याच. तिथे मी साठांच्या गुंडाळ्या टांगल्या, कोकमाच्या सोलांच्या माळा सोडल्या, सुकेळी बांधली. परशुरामाची बायको जानकी मागल्या दाराने आली आणि म्हणाली, चढ गो बाये, स्टूल मी धरतंय. नवऱ्याला सांगू नकोस, एवढंच तिचं म्हणणं.

दत्ताराम भटजींनी विचारलं, पूजेला कोण बसणार? मी पाटावर बसलेलीच होते. ते दाराकडे बघून म्हणाले, बस तर, माका अजून घरां करूची आसत.

संध्याकाळी परशुराम आरतीला आला. भांडण असलं तरी आरती चुकवायची नाही, हे त्याचं मला आवडलं. वर बघून म्हणाला, माटवीक चूल बघितलेला काय बांधूचा नसता. मी म्हटलं, साठाने चूल पाहिलेली नाही, नुसतं ऊन पाहिलं आहे. तर म्हणतो, साखर चुलीवर शिजता मा गो? मी म्हटलं, साखर घातलेलीच नाही. त्याने टाळ हातात घेतले.

पण चूक माझीही झाली, लपवत नाही. भाद्रपदातली दमट हवा, खाली समईची ऊब. दुसऱ्या दिवशी ऐन आरतीत साठ सैल पडून निसटलं आणि परशुरामाच्या टकलावर जाऊन चिकटलं. टाळ थांबले. दादा, मी ओठ चावून उभी होते. माटवीतून पडलेलं म्हणजे देवाचा प्रसाद, टाकायची सोय नाही. त्याने ते सोलून काढलं, कपाळाला लावलं, तोंडात टाकलं आणि म्हणाला, गोड कमी आसा. मग मात्र सगळी ओटी हसली. तोही हसला.

तरी विसर्जनाच्या दिवशी त्याने किल्ली मागितलीच. मी दिली नाही आणि दिवाळीलाही देणार नाही. शब्द तुम्ही तुमचा दिलात, पण घर दिलंत ते, ज्यात तुम्ही राहत नाही. मला कोणी सांगितलं ते विचारू नका, पण तुम्हाला या ओटीवर अप्पा आठवतात म्हणून हे घर नको आहे. मलाही आठवतात. रोज, पाणी तापवताना, दार लावताना. म्हणूनच मला ते हवं आहे.

सोबत माटवीतल्या साठाचा तुकडा आहे. तो प्रसाद आहे, खाऊ नव्हे.
लोभ राहिला असेल तर उत्तर यावं. हो किंवा नाही, एवढंच.
कावेरी

मुंबई, ४ ऑक्टोबर १९६१

चि. कावेरीस अ. उ. आ.
परशुरामाचं पत्र चार पानी आहे. तू पूजेला बसलीस, कासोटा घातलास, त्याच्या बायकोला फितवलंस. शेवटी लिहितो की घर नुसतं रिकामं पडलं आहे, तर काजू ठेवायला हरकत काय?

ते वाक्य मी ऑफिसात वाचलं, घरी येऊन पुन्हा वाचलं. मग त्याला कार्ड लिहिलं. नक्कल ठेवलेली नाही, पण मजकूर एवढाच होता की घर रिकामं नाही, त्यात माझी बहीण राहते. शब्द मागे घेतल्याबद्दल क्षमा मागितली. तो रागावेल, ते मी बघून घेईन.

प्रसाद मिळाला. तोंडात ठेवला आणि अप्पांच्या आठवणीने मला रडू आलं. मुलांसमोरच. सरलाने पाणी दिलं.

पुढच्या वर्षीचा रजेचा अर्ज आत्ताच केला आहे. साहेब हसले. मी आलो तर पूजेला कोणी बसायचं, ते तू कळव. घर तुझं आहे.
तुझा दादा

कसाल, ११ ऑक्टोबर १९६१

तीर्थरूप दादास,
कृ. सा. न. वि. वि. पत्र उभ्याने वाचलं, मग ओटीवर बसून वाचलं, मग जानकीला वाचून दाखवलं.

यावं. वहिनीला, मुलांना घेऊन यावं, पंधरा दिवस आधी यावं. डोंगरावर तुम्ही चढा, कवंडळं तुम्ही काढा, स्टूल तुम्ही धरा.

पूजेला मी बसेन.

आपली,
कावेरी